२२ लाखांत जुनी एक्स३, क्यू५ की जीएलसी? फक्त चालवण्याच्या मजेसाठी कुठली घ्यावी?

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. घरात रोजच्या वापराला एक छोटी एसयूव्ही आहे, ती राहणारच आहे. तिच्या जोडीला दुसरी गाडी बघायलोय, ती निव्वळ चालवण्यासाठी. ड्रायव्हर ठेवायचा नाही, दारात उभी करून दाखवायची नाही. स्टिअरिंग हातात घेतल्यावर मजा आली पाहिजे, एवढीच अट. गाडीला २२ लाख आणि कागदपत्रं, पहिली दुरुस्ती यासाठी वेगळे ३ लाख ठेवलेत.

डोळ्यासमोर तीन गाड्या आहेत: २०१६-१७ ची बीएमडब्ल्यू एक्स३ २०डी, २०१७ ची ऑडी क्यू५ २.० टीडीआय आणि २०१७ ची मर्सिडीज जीएलसी २२०डी. तिन्ही डिझेल ऑटोमॅटिक, ६० ते ९० हजार किलोमीटर चाललेल्या.

रस्ते म्हणाल तर लातूर–अंबाजोगाई–मांजरसुंबा, येरमाळा घाट, तुळजापूर, आणि संभाजीनगरला गेलो की समृद्धी. उंच गाडीत खरी मजा येते का? तिन्हींपैकी कुठल्या इंजिन-गिअरबॉक्सवर भरवसा ठेवावा? आणि दिल्लीच्या गाड्या चार-पाच लाखांनी स्वस्त दिसायलेत, त्या घ्याव्यात का?

टॉर्क_रेंच, छत्रपती संभाजीनगर

दादा, मजेसाठीच घ्यायची असेल तर तिघींत एक्स३, त्यातही २०१४ च्या फेसलिफ्टनंतरची, म्हणजे त्याच मॉडेलमध्ये कंपनीने सुधारणा केल्यानंतरची. फेसलिफ्टच्या आधी तिच्यात एन४७ इंजिन होतं, १८४ हॉर्सपॉवरचं. या इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. चेन किंवा तिचे प्लास्टिकचे गाईड झिजले की इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि चेन तुटली तर इंजिनच जातं. २०११ पर्यंतच्या इंजिनांत हा त्रास जास्त दिसला. फेसलिफ्टनंतर बी४७ आलं: १९० हॉर्सपॉवर, ४०० एनएम. चेन त्यातही मागेच आहे, पण तिच्या तक्रारी बऱ्याच कमी आहेत.

बी४७ मध्ये लक्ष द्यायचं ते ईजीआर कूलरकडे, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागाकडे. कूलर आतून गळला की कूलंट काजळीत मिसळतं, ते तापून पेटण्याचा धोका असतो. २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने याच कारणासाठी अनेक देशांत गाड्या परत बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिसला विचारा, या गाडीवर काही रिकॉल बाकी आहे का, कूलर बदललाय का. बाहेर कुठे थेंब दिसत नाही आणि तरी कूलंट कमी होत असेल तर पहिला संशय त्यावरच.

एक्स३ चा गिअरबॉक्स झेडएफचा ८ स्पीड, टॉर्क कन्व्हर्टरवाला. तिघींत मला सगळ्यात खात्रीचा हाच वाटतो. 'लाइफटाइम ऑइल' म्हणतात त्यावर विश्वास ठेवू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणते. फिल्टर ऑइल पॅनमध्येच असतो, म्हणून पूर्ण पॅन बदलतात. गाडी थांबताना दुसऱ्यातून पहिल्यात येताना धक्का जाणवला तर ऑइल थकलंय असं समजा.

क्यू५ ची गोष्ट वेगळी. क्वाट्रोचं, म्हणजे ऑडीच्या चारचाकी ड्राइव्हचं, मेकॅनिकल डिफरन्शियल एकदम दणकट, ओल्या घाटात गाडी रस्ता सोडत नाही. पण तिचा ७ स्पीड एस-ट्रॉनिक हा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स आहे आणि त्याचं ऑइल व फिल्टर ६० हजारांना बदलायलाच पाहिजे. ते चुकवलं की मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल, त्रास द्यायला लागतं: गर्दीत रांगताना गाडी थरथरते, रिव्हर्स लागायला वेळ घेतो, डिस्प्लेवर गिअरची अक्षरं लुकलुकतात. ६० हजारांच्या ऑइलचं बिल फाईलमध्ये नसेल तर ती क्यू५ मी सुचवणार नाही, भाव कितीही खाली येऊ द्या. शिवाय या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. आपल्याकडचा उन्हाळा आणि गाडीचं वय पाहता, सर्व्हिस बुकात आकडा कोणताही असो, पाण्याच्या पंपासकट तो बदलण्याचे पैसे धरूनच सौदा करा.

क्यू५ शेंद्र्याच्या कारखान्यात जुळली, म्हणून तिचे पार्ट संभाजीनगरात लगेच मिळतात असं काही लोक सांगतात. तसं नाही. तिथे सुटे संच आणून गाडी जुळवली जायची. दुरुस्तीचे पार्ट कंपनीच्या डेपोतून ऑर्डर केल्यावरच येतात.

जीएलसी आरामाची गाडी. १७० हॉर्सपॉवर, ४०० एनएम, ९ स्पीड गिअरबॉक्स. लांबच्या प्रवासाला तिघींत सर्वात शांत, केबिन सर्वात सुंदर. पण वळणात तिचं स्टिअरिंग तुम्हाला फारसं काही सांगत नाही, आणि गिअर पॅडलने बदलायला गेलात की ती जरा विचार करते. घरचे मागे बसणार असते तर मी हीच घ्या म्हटलं असतं.

सरळ_सहा, परभणी

एसयूव्ही का, हा प्रश्न आधी सोडवा. एक्स३ २०डी चं वजन पावणेदोन टनांच्या वर, १०० चा वेग गाठायला ८ सेकंदांहून थोडा जास्त वेळ. त्याच १९० हॉर्सपॉवरच्या इंजिनाची ३२०डी सेडान वजनाला अडीच-तीनशे किलोंनी हलकी, साधारण सव्वासात सेकंदांत तिथे पोचते. वजन खाली असल्यामुळे घाटातल्या इंग्रजी एस-सारख्या वळणांत ती एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला पटकन येते, तिथे एसयूव्हीला आधी एका अंगावर झुकून मग सावरावं लागतं. ब्रेक, टायर, बुश सगळ्यांवर भार कमी, म्हणून खर्चही कमी. तुमच्या बजेटात चांगली ३२०डी येते आणि वर पैसे उरतात.

दुसरा पर्याय २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २३०. २३० हॉर्सपॉवर, ३५० एनएम, ६ स्पीड डीएसजी म्हणजे दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स, तोही तेलात बुडालेल्या क्लचचा. भारतात मोजक्याच आल्या, त्यामुळे नीट ठेवलेली शोधावी लागते. पेट्रोल आहे हे लक्षात घ्या. आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. त्या काळच्या गाडीला किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं ते मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणामागेही लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

चार_चाकं, जालना

सरळ_सहा यांचं गणित बरोबर आहे, पण रस्ता कुठला ते बघा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर ७०-८० ला सेडानचा पुढचा बंपर आणि खालचं कव्हर घासतं. त्यात प्रत्येक गावाच्या वेशीवरचे गतिरोधक, कुठलंही माप नसलेले, पांढरा पट्टाही नसलेले. एक्स३ चे लांब ट्रॅव्हलचे सस्पेंशन इथे तुम्हाला वेग टिकवू देतात, आणि खराब रस्त्यावर न घाबरता चालवता येणं ही मजाच आहे. सेडान संभाजीनगर-पुण्यात राहणाऱ्यांना ठीक, लातूरला एसयूव्हीच.

मात्र चारचाकी ड्राइव्ह आहे म्हणून शेतातल्या ओल्या वाटेवर घालू नका. हायवे टायरच्या खाचा काळ्या चिखलाने दोन फेऱ्यांत भरतात, मग चारही चाकं एकाच वेळी फिरतात आणि गाडी जागची हलत नाही.

आता टायर. एक्स३ कंपनीतून रनफ्लॅटवर येते, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या टायरवर. त्यांच्या कडा कडक असतात, म्हणून खराब रस्त्यावर गाडी आदळते. टायर बदलायला आले असतील तर चारही साधे घ्या. बसण्यातला आणि स्टिअरिंगमधला फरक लगेच कळतो. त्याची किंमत अशी की स्टेपनी नसेल तर पंक्चर किट आणि १२ व्होल्टचा हवा भरायचा पंप कायम डिकीत हवा, आणि कड फाटली तर फ्लॅटबेडच बोलवावा लागेल.

एक-दोन टायर नवे आणि बाकी जुने, असं एक्स३ वर करू नका. चाकांच्या घेरात फरक पडला की ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीतला) क्लच सतत घसरत राहतो आणि झिजतो. चारही एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे, जवळपास सारख्या खोलीचे. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो: '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचा टायर, खाचा कितीही खोल दिसोत, समृद्धीवर नेऊ नका. तिथे गाड्यांना १२० ची मर्यादा आहे आणि रस्ता काँक्रीटचा, उन्हाळ्यात तासन्‌तास एकाच वेगाने जाताना टायर तापतच राहतो. हवा सकाळी टायर थंड असताना भरायची, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरनुसार. दुपारी टोलनाक्याजवळ थांबून 'प्रेशर वाढलंय' म्हणून हवा सोडू नका. गरम टायरमध्ये ते वाढणारच. सोडलीत तर टायर कमी हवेवर धावून अजून तापतो. खरं म्हणजे कमी हवा हेच टायर फुटण्याचं मोठं कारण.

आणि समृद्धीवर मजा शोधू नका, तो पोचण्याचा रस्ता आहे. सरळ, एकसुरी, डोळा लागतो. मजा बालाघाटात आहे: मांजरसुंबा, येरमाळा, अंबाजोगाईकडची वळणं. तीही सकाळी उजाडल्यावर. कारखाने चालू असतात त्या महिन्यांत, दिवाळीपासून मार्चपर्यंत, रात्री या रस्त्यांवर मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या असतात.

थंड_स्टार्ट, नांदेड

तपासणीबद्दल लिहितो, कारण इथेच लोक घाई करतात.

सकाळी जा आणि विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन चालू करू नका. पोचल्यावर बोनेटला हात लावून बघा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन चालू होताना पहिल्या काही सेकंदांतच चेनची खरखर ऐकू येते. एक्स३ मध्ये ती मागच्या बाजूने, केबिनच्या भिंतीकडून येते. बोनेट उघडं ठेवून कोणाला तरी हळूच १५०० आरपीएमपर्यंत नेऊ द्या, तिथे खसखस स्पष्ट होते. चालू करण्याआधी कूलंटची पातळी आणि रंग, आणि ऑइल झाकणाखाली पांढरट साय आहे का ते बघा.

मग स्कॅन. बाजारातला हजार-दोन हजारांचा ओबीडी स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो, बाकीचं त्याला दिसत नाही. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस ही स्कॅनिंग सॉफ्टवेअर असलेला माणूस शोधा आणि त्याला सगळे मॉड्यूल, म्हणजे गाडीतले छोटे कंट्रोल कॉम्प्युटर, वाचायला सांगा. किलोमीटरचा आकडा मीटरशिवाय आणखी काही मॉड्यूलमध्ये नोंदला जातो, बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही असतो. मीटरवर ६२ हजार आणि दुसरीकडे १ लाख १८ हजार दिसले तर पुढचं काही बघू नका. कोड नुकतेच पुसलेत का तेही कळतं.

डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी असेल तर काजळी आणि राख हे दोन वेगळे आकडे मागा. काजळी गाडी हायवेला पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालली की जळते; राख जळत नाही, साठतच जाते. गाडी शहरातच फिरली असेल तर हे जळणं (रिजनरेशन) अर्धवट राहतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलची पातळी वाढते. डिझेल गाडीत ऑइल कमाल खुणेच्या वर दिसलं तर कारण हेच असू शकतं.

बॉडीला पेंट गेज लावा. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या वर म्हणजे पुन्हा रंगवलेलं पॅनल, ५०० च्या वर म्हणजे खाली पुट्टी आहे. एक दार किंवा बंपर रंगवलेला असणं मोठी गोष्ट नाही. छप्पर, खांब, पुढची चासी रेल इथे आकडा वाढला तर गाडी मोठ्या अपघातातली आहे.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला शिका, सध्या हे फार महत्त्वाचं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीड, सोलापूर पट्ट्यात पूर आला, त्यात गाड्याही पाण्याखाली गेल्या. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीट सरकते त्या लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटखालचा फोम ओला किंवा कडक झालाय का, डिकीच्या तळाशी माती आहे का ते बघा. या गाड्यांत वायरिंगचे जोड आणि काही मॉड्यूल जमिनीलगत असतात; कनेक्टरवर हिरवट थर म्हणजे पुढच्या दोन पावसाळ्यांत एकेक गोष्ट बंद पडणार.

चालवताना किमान पाऊण तास मागा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून इंग्रजी आठच्या आकारात हळू फिरवा. एक्स३ अडखळत, गचके देत वळली तर ट्रान्सफर केस किंवा टायरचा घोळ आहे. ३० ते ६० च्या दरम्यान हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर बारीक झटके आले तरी तेच. ट्रान्सफर केसचं ऑइल एक लिटरसुद्धा लागत नाही, पण बदलल्यावर स्कॅनरने अडॅप्टेशन (गाडीने झिजेनुसार केलेलं समायोजन) रिसेट करावं लागतं, नाहीतर झटके राहतात. ८० वरून ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क; गतिरोधकावर पुढून 'कट' असा आवाज आला तर कंट्रोल आर्मचे बुश. ७०-८० हजारांनंतर आपल्या रस्त्यांवर बुश जाणारच, तेवढ्यावरून गाडी नाकारू नका, भाव कमी करा. नवे बुश आणि अलाइनमेंट झाल्याशिवाय या गाडीचं हँडलिंग कसं आहे ते कळतच नाही.

मांजराकाठ, लातूर

सगळ्यांचे मनापासून आभार. क्यू५ यादीतून काढली, बघितलेल्या दोन्ही क्यू५ ची ६० हजारांच्या ऑइलची बिलं नाहीत. आता एक एमएच-२४ पासिंगची २०१६ ची एक्स३ आहे, एका कंपनीच्या नावावर, ८१ हजार चाललेली. आणि दिल्लीची २०१७ ची, ५४ हजार, चार लाखांनी स्वस्त. दिल्लीचं गणित कोणी समजावून सांगाल का?

फॉर्म_तीस, बीड

दिल्लीत डिझेल गाडीला १० वर्षांची मर्यादा लागली, म्हणून तिथे सात-आठ वर्षांनंतर भाव कोसळतो. तुम्हाला दिसणारे चार लाख तिथून येतात. त्यातले किती उरतात ते बघू.

तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लातूरच्या नावे हवी. इथे आल्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा. तो गाडीची मूळ किंमत, इंधन आणि वय यावर ठरतो, आणि महागड्या डिझेल गाडीला सर्वात वरचा दर लागतो. पैसे देण्याआधी लातूर आरटीओतून गाडीची चासी, तारीख आणि मूळ बिल दाखवून रक्कम काढून घ्या. अंदाजावर जाऊ नका, बहुतेक वेळा निम्मा फायदा इथेच जातो. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो मूळ मालकाला, त्यामुळे तुमच्या हिशेबात धरू नका. वर गाडी आणण्याचा खर्च. शिवाय एवढ्या वर्षांत ५४ हजार, तेही शहरात असतील, म्हणजे थंड_स्टार्ट यांनी सांगितलेला काजळीचा मुद्दा नेमका याच गाडीला लागू होतो.

लातूर पासिंगच्या गाडीला मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पुरतात. कर्ज असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. कंपनीच्या नावावर आहे म्हणता, तर विकण्याचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल घ्या. नुसत्या कोऱ्या सह्यांच्या फॉर्मवर पैसे देऊ नका. ई-चलन तपासा, आणि गाडी एप्रिल २०१९ आधीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट, बसवलीय का तेही.

विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही. एवढ्या वयाच्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापणारा विमा) सहसा मिळत नाही, आणि साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबरच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. बंपर गेला तर निम्मा खर्च खिशातून, हे गृहीत धरा.

टॉर्क_रेंच, छत्रपती संभाजीनगर

फॉर्म_तीस यांच्याशी सहमत. लातूरची गाडी बघा, दिल्लीची सोडा. ८१ हजार हायवेवरचे असतील तर इंजिनाला ते शहरातल्या ५४ हजारांपेक्षा सोपे गेलेले असतात.

घेतल्यावर तुमच्या ३ लाखांतून ही कामं लगेच करा, 'नंतर बघू' नको. इंजिन ऑइल सुमारे ५ लिटर, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मंजुरीचं ५डब्ल्यू-३०, फिल्टरसह; पुढे गाडीचा कॉम्प्युटर २५ हजार सांगो की आणखी काही, १० हजारांना बदलायचं. डिझेल फिल्टर लगेच, मग दर २० हजारांना, कारण कॉमन रेलमध्ये (जास्त दाबाने डिझेल पोचवणाऱ्या नळीत) पाण्याचा थेंब गेला की पंप आणि चारही इंजेक्टर धोक्यात. गिअरबॉक्सचा पॅन आणि ऑइल. पॅन काढल्यावर पाच-सहा लिटर निघतं, पातळी इंजिन चालू ठेवून ऑइल ४० अंशांच्या आसपास असताना बघतात, हे न पाळणाऱ्याकडे काम देऊ नका. ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल. ब्रेक ऑइल दोन वर्षांचं झालं असेल तर बदला, घाटात उतरताना याचाच भरवसा. बॅटरी बदलली तर स्कॅनरने नोंद करावीच लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजून चार्ज करत राहते. राहिलेल्या पैशांत पुढचे कंट्रोल आर्म बुश आणि अलाइनमेंट.

यातलं काय काय आधीच झालंय, त्याची बिलं मालकाकडून घ्या. बिल नाही म्हणजे काम झालेलं नाही असं समजून तेवढी रक्कम भावातून उतरवा. त्यानंतर वर्षाला दीड-दोन लाख बाजूला ठेवता येत असतील तरच हो म्हणा. आणि बंद पडली तर फ्लॅटबेड कुठे न्यायचा, सोलापूर, पुणे की हैदराबाद, ते आधी तिथल्या सर्व्हिसला फोन करून ठरवा. पेंट गेज आणि इस्टाचा रिपोर्ट इथे टाका, आकडे बघून सांगतो.